आवाज बदललाय बघा

संक्रांतीपासून माझ्या टेबलावर बिडाचा एक दात पडून आहे. अंगठ्याच्या पेराहून थोडा मोठा. एका अंगाने घासून इतका गुळगुळीत झालाय की बोट काचेवरून फिरल्यासारखं फिरतं, आणि जिथून तुटला तिथे करडा, रवाळ, नुकत्याच फोडलेल्या गुळाच्या ढेपेसारखा. निपाणीपलीकडे वेदगंगेच्या काठी माझं आजोळ. तिथल्या गुऱ्हाळाच्या जुन्या चरकाचा हा दात. तो माझ्यामुळे तुटला.

बैलांवर फिरणारा तो लोखंडी चरक तीसेक वर्षं गोठ्यामागे उभा होता. आधी विजेवरचा चरक आला, मग ऊस कारखान्याला जायला लागला आणि गुऱ्हाळच थांबलं. काहील कुणीतरी विकत नेली, चुलवाण ढासळून त्यात एरंड उगवला. चरक तेवढा राहिला, कारण तो हलवायला चार माणसं पुरत नव्हती. यंदा संक्रांतीला सगळी भावंडं, भाचरं जमणार होती. पोरांना चरक फिरताना दाखवूया, ही कल्पना माझी. दोन दिवस डिझेल आणि तारेचा ब्रश घेऊन आम्ही रोलर आणि वरची दातेरी चाकं घासली, ग्रीस भरलं. शेजारच्या गावातून बैलजोडी भाड्याने आणली. आमच्या घरी आता बैल नाहीत. पहिला ऊस आत गेला, कुरकुरत चिपाड बाहेर आलं आणि खालच्या घागरीत हिरवट, फेसाळ रसाची धार लागली. त्या वासाबरोबर आजोबांचं खाकरणं, थंडीत चुलवाणापाशी शेकलेले पाय, गरम काकवीत बुडवलेली भाकरी, सगळं एकदम अंगावर आलं. पोरांनी ग्लास पुढे केले. मला वाटलं, आपण फार चांगलं काम केलं.

थोरल्या मामी पडवीत खुर्चीवर बसल्या होत्या. वय पंच्याऐंशी, डोळ्यांना आता फारसं दिसत नाही. गुऱ्हाळ चालू होतं तेव्हा चरकात ऊस घालायचं काम वर्षानुवर्षं त्यांचंच. त्या मध्येच म्हणाल्या, "आवाज बदललाय बघा. बैल सोडा." मला ते ऐकू आलं होतं. धाकटा भाचा व्हिडिओ काढत होता, रसाची धार छान दिसत होती, आणि मी म्हटलं, "दोनच फेरे, मामी." दुसऱ्या फेऱ्याला वरच्या चाकातून वाळकी काठी मोडावी तसा आवाज आला. बैलांना हिसका बसला, ते थांबले. मामी काही बोलल्या नाहीत. त्यांनी पदराने हात पुसले. हात कोरडेच होते.

बेळगावला परतल्यावर तो दुसरा फेरा काही डोक्यातून जाईना. मला रात्री रेल्वेचे व्हिडिओ बघायची सवय आहे. वडील गँगमन होते, गोव्याकडे जाणाऱ्या मार्गावर तिनईघाट-कॅसलरॉकच्या पट्ट्यात, मीटरगेज असल्यापासून. त्यामुळे रुळांचा आवाज ऐकला की घरात कुणीतरी आहे असं वाटतं. त्या आठवड्यात एका रात्री बर्फातल्या गाडीचा व्हिडिओ समोर आला. अमेरिकेत कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको या दोन राज्यांच्या सीमेवर कंब्रेस अँड टोल्टेक नावाची नॅरोगेज रेल्वे आहे. चामा ते अँटोनिटो, चौसष्ट मैल, मध्ये दहा हजार फुटांवरची कंब्रेस खिंड. मूळ कंपनीने हा मार्ग सोडून दिला तेव्हा १९७० मध्ये दोन्ही राज्यांनी मिळून तो विकत घेतला, आणि आजही तो दोघांचा मिळून आहे. ही गाडी वाटेत अकरा वेळा राज्याची सीमा ओलांडते. हे वाचून मी फोन बाजूला ठेवला आणि थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसलो. आपल्या भागातल्या माणसाला असं वाक्य पटकन पुढे जाऊ देत नाही.

तर त्या रेल्वेकडे बर्फ काढणारी दोन जुनी वाफेची यंत्रं आहेत. त्यांना रोटरी म्हणतात. एकाचं नाव ओएम, १८८९ सालचं. दुसरं ओवाय, १९२३ सालचं. साध्या फाळाने बर्फ बाजूला सारता येतो, पण डोंगराच्या कापात बर्फ माणसाच्या डोक्यावर गेला की सारायचा कुठे? रोटरीच्या तोंडाशी माणसाहून उंच, पात्यांचं एक चाक असतं. मागच्या डब्यात अख्खा बॉयलर आणि इंजिन, पण त्या इंजिनाची सगळी ताकद फक्त हे चाक फिरवण्यात जाते. रोटरीला स्वतःला एक पाऊलही पुढे टाकता येत नाही. मागून दुसऱ्या इंजिनांनी तिला ढकलायचं. चाक बर्फ कातरून आत ओढतं आणि वरच्या तोंडातून दूर दरीत फेकतं. ढकलणाऱ्यांनी घाई केली तर चाक तुंबतं, हात आखडला तर जोर पडत नाही. पुढच्या माणसाने शिट्टी वाजवायची, मागच्यांनी ती ऐकून वाफ कमी-जास्त करायची.

हे बघताना मला कॅसलरॉकचा घाट आठवला. लहानपणी वडिलांबरोबर घाटात जायचो तेव्हा मालगाडीला पुढे इंजिनं आणि मागूनही इंजिनं. सदतीस फुटांमागे एक फूट असा चढ, एका इंजिनाने काय होणार? पुढचं शिट्टी घालायचं, मागचं उत्तर द्यायचं, आणि मग सगळी गाडी कण्हल्यासारखी हलायची. पावसाळ्यात वडील रात्रीच्या गस्तीला निघायचे. घोंगडं, कंदील, लाल झेंडी, पिशवीत रुळावर लावायचे फटाके. दरड आली असेल तर गाडी थांबवायला ते फटाके. आमच्याकडे बर्फ नाही, पण वरून येऊन वाट बुजवणारं काहीतरी आहेच. सकाळी ते परत आले की आई आधी त्यांचे पाय बघायची, जळवा लागल्यात का म्हणून, आणि मगच चहा ठेवायची.

हे बर्फाचं चाक पहिल्यांदा कुणाला सुचलं असेल? टोरांटोचे जे. डब्ल्यू. एलियट नावाचे एक दंतवैद्य होते, त्यांना. साल १८६९. पुढे ओंटारिओतल्याच ऑरेंज जल यांनी ती कल्पना पुढे नेली, लेस्ली बंधूंनी यंत्र घडवलं आणि १८८०च्या दशकात ते खऱ्या बर्फात उतरलं. दातांच्या डॉक्टरला हे सुचावं याचं मला त्या रात्री फार आश्चर्य वाटलं, कारण समोर टेबलावर तो दात होता.

मी पाहिलेला व्हिडिओ २०२० सालचा. दोन राज्यांनी रेल्वे घेतली त्याला पन्नास वर्षं झाली म्हणून त्यांनी ओवाय बाहेर काढली. काळं यंत्र, मागून धुराचे लोट सोडत ढकलणारी इंजिनं, आणि निळ्या आभाळात पांढऱ्या बर्फाची ती कमान. मी चार वेळा बघितला. आणि पाचव्या वेळी माझ्या लक्षात आलं की मी आता बर्फाकडे बघतच नाही, मी आवाज ऐकतोय. कुठे 'टक्' येतंय का.

कारण या गाडीचा हंगाम मेअखेर ते ऑक्टोबर. हिवाळ्यात खिंडीतून नियमित प्रवासी गाडी धावत नाही. मार्ग मोकळा करण्याची गरज नव्हती. तो बर्फ उडवला गेला तो बघण्यासाठी, फोटोंसाठी. म्हणजे आमची संक्रांतच.

चालवू नये असं म्हणणाऱ्यांची बाजू मला सहज समजते, दात हातात घेऊन बसलेल्या माणसाला ती समजणारच. बर्फ वरून मऊ दिसतो. आत काय आहे कुणालाच माहीत नसतं. हिमकडा येताना बरोबर दगड आणतो, अख्खी झाडं आणतो, आणि पाती सगळ्यात आधी त्यांच्यावर जाऊन आदळतात. १९५२च्या जानेवारीत कॅलिफोर्नियाच्या डोंगरात 'सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को' ही गाडी २२६ माणसांसह बर्फात अडकली. साधारण तीन दिवस. तिच्या सुटकेला निघालेल्या रोटरीवर हिमकडा कोसळला आणि रोटरीचा चालक मेला. तेव्हा माणसं अडकली होती, म्हणून तो धोका पत्करायलाच हवा होता. पन्नासाव्या वाढदिवसाला तसं काय अडलेलं असतं? ओएम ज्या कूक कारखान्यात घडली तो १९०१ मध्ये अल्को कंपनीत विलीन झाला. ओवाय अल्कोची, आणि अल्कोही १९६९ मध्ये बंद झाली. आता चाक फुटलं तर पत्र कुणाला लिहिणार?

पण ठेवून द्या म्हणणं सोपं आहे. ठेवलेल्या वस्तूचं काय होतं तेही आपण बघतो. आपली 'फेअरी क्वीन' घ्या. १८५५ सालचं इंजिन, जगातलं सर्वांत जुनं चालू इंजिन म्हणून नावाजलेलं. ती नुसती उभी होती तेव्हा, २०११ मध्ये, तिचे सुटे भाग चोरीला गेले. परंबूरच्या कारखान्यात नवे भाग करून तिला पुन्हा उभं केलं आणि २०१७ मध्ये ती परत धावली. उभं राहणं म्हणजे सुरक्षित राहणं, हे काही खरं नाही. कुठल्याही स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर ठेवलेलं इंजिन जवळ जाऊन बघा. रंग दरवर्षी नवा असतो, पण तो सांध्यांवरूनही मारलेला असतो. जिथे तेल जायचं त्या भोकात रंग. दांडे आता कधीच हलणार नाहीत अशा खात्रीने रंगवलेले. वडील निवृत्तीनंतर असं एक इंजिन बघायला माझ्याबरोबर आले होते. चाकाला हात लावून ते एवढंच म्हणाले, "गार आहे रे."

मला ते वाक्य आजही सोसत नाही.

आणि चालवणारे हात जर गेले, तर काय होतं? १९९५ मध्ये पेनसिल्व्हेनियात गेटिसबर्गजवळ पर्यटकांची गाडी ओढणाऱ्या एका वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरमध्ये पाणी कमी पडलं. भट्टीवरचा पत्रा तापून खचला आणि वाफ चालकाच्या कोठडीत घुसली. चालक गंभीर भाजला, भट्टी सांभाळणारे दोघे फायरमनही भाजले. चौकशीत दिसलं की पाणी दाखवणाऱ्या काचेची वाट क्षाराने बुजली होती, म्हणून काच खोटं सांगत होती. तिथल्या माणसांना ते वेळीच ओळखण्याचं पुरेसं शिक्षणच मिळालेलं नव्हतं. त्याच चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि ती वाचताना माझ्या अंगावर काटा आला. त्या बॉयलरमध्ये काही ठिकाणी रुंद डोक्याचे वेगळे बोल्ट होते. त्यांनी पत्रा धरून ठेवला, त्यामुळे सगळा बॉयलर एका झटक्यात न फुटता वाफ टप्प्याटप्प्याने सुटली. कित्येक वर्षांपूर्वी कुणीतरी कागदावर ते बोल्ट आखले, कुणीतरी ठोकून बसवले आणि त्यांच्यामुळे माणसं वाचली. पुढे अमेरिकेत नियम बदलले. आता वाफेचं इंजिन १,४७२ दिवस चाललं किंवा पंधरा वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा बॉयलर पूर्ण उघडून तपासावाच लागतो.

म्हणजे काच खरी आहे की खोटी हे ओळखणारा माणूस लागतो. आणि तो माणूस वाफ नसलेल्या बॉयलरसमोर तयार होत नाही. रोटरीचं तर त्याहून अवघड, कारण तिला बर्फही लागतो. उन्हाळ्यात शेडबाहेर काढून चाक नुसतं फिरवलं तर ते पंख्यासारखं फिरेल, कुणालाही जमेल. तिचं सगळं शहाणपण भाराखाली आहे. आमच्या चरकाचंही तेच होतं. ऊस न घालता आम्ही सकाळी दोन तास फिरवला होता, लोण्यासारखा चालला.

फेब्रुवारीत मी चरकाचं ते मोडकं चाक गाडीत घालून बेळगावातल्या उद्यमबागेत नेलं. तिथल्या फौंड्र्यांसाठी आयुष्यभर पॅटर्न, म्हणजे ज्यांवरून ओतकामाचा साचा उठवतात ते लाकडी नमुने, केलेले एक काका शहापुरात राहतात, आता घरीच थोडं काम करतात. त्यांच्या माहितीच्या शेडमध्ये आम्ही भेटलो. सागवानाचा भुसा, पॉलिशचा वास, भिंतीवर टांगलेले तांबडे-काळे पॅटर्न. त्यांनी चाक उलटसुलट करून बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "मोडायच्या आधी का आणलं नाहीस?"

मी म्हटलं, आधी काय गरज होती, चांगलं होतं की. तर ते हसले नाहीत. म्हणाले, "चांगलं असतं तेव्हाच आणायचं असतंय. आता हे बघ, उरलेले दात पण झिजलेत. मूळ दात कसा होता, हे मी आता अंदाजानं करायचं. तू मोडलं म्हणून रडायलास, पण माप गेलं त्याचं काय?" मग त्यांनी कपाटातून एक जुनी फूटपट्टी काढली. दिसायला साधी, पण त्यातला फूट खऱ्या फुटाहून किंचित मोठा. बीड थंड होताना आक्रसतं, फुटामागे साधारण एक सूत. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो आणि त्यासाठी ही वेगळी पट्टी. "जुन्या चाकावरूनच साचा उठवला तर नवं चाक सुताने लहान येतंय," ते म्हणाले. "त्या नव्यावरून परत उठवलास तर आणखी लहान. नकलेची नक्कल करत गेलास तर शेवटी खेळणं राहतंय बघ."

घरी येताना तिसऱ्या रेल्वे गेटपाशी बराच वेळ थांबावं लागलं. मागच्या सीटवर ते चाक. गाडी जायची वाट बघताना मला जे वाटलं ते इथे लिहितो, बाकीच्यांचं मत वेगळं असू शकेल. रोटरी चालवावी. पण चालवायच्या आधी, ती धडधाकट असताना, तिचं प्रत्येक पातं, प्रत्येक दातेरी चाक मोजून त्याचे पॅटर्न करून ठेवावेत. जिथे जोर येतो तिथे नवी ओतीव वापरावी आणि मूळ भाग माप म्हणून जपावा, कारण तो गेला की पुढची प्रत्येक नक्कल सुतासुताने लहान होत जाणार. आणि जिथे दोन असतील तिथे थोरलीला बसू द्यावं. २०२० मध्ये १८८९ची ओएम नाही, १९२३ची ओवाय बर्फात गेली, हे मला फार बरं वाटलं. स्वित्झर्लंडमध्येही तसंच काहीसं झालंय. बर्निना मार्गावर १९१०च्या सुमाराच्या दोन वाफेच्या रोटरी होत्या, त्यांना स्वतःला चालताही येतं. एक अजून त्याच रेल्वेकडे आहे आणि वाफेवर बर्फात जाते, दुसरी ब्लोने-शांबी इथल्या संग्रहालय-रेल्वेकडे गेली. जपानमध्ये नायोरो गावात बर्फ काढणारी अख्खी गाडी, रोटरीसकट, उघड्यावर मांडून ठेवलीय. ती पुन्हा कधी बर्फ उडवणार नाही. तिच्यासमोर उभं राहिलो तर मला वाईट वाटेल की हायसं, हे मी आत्ता सांगू शकत नाही. बहुतेक दोन्ही.

आणि जिथे एकच उरलीय तिथे? तिथे माझा हात थरथरतो. सगळे पॅटर्न तयार आहेत, बॉयलर तपासलाय, जाणती माणसं आहेत, तरीसुद्धा १८९८ची एखादी एकटी रोटरी बर्फात जाताना मी बघू शकेन का? अलास्कात स्कॅगवे इथे तशी एक आहे, व्हाइट पास मार्गाची. बर्फात शिरतानाच्या तिच्या आवाजासाठी मी काय वाटेल ते देईन, आणि 'नका रे' असंही म्हणेन. हे दोन्ही एका माणसात राहतं, त्याला मी काय करू.

एक अट मात्र मी कधीच सोडणार नाही. जो आवाज ओळखतो त्याने थांबा म्हटलं की थांबायचं. तिकीट काढून आलेले लोक, कॅमेरे, पन्नासावं वर्ष, काहीही असो. मी दोन फेरे मागून घेतले होते.

शिमग्याला आजोळी गेलो. पॅटर्न अजून अर्धाच झालाय; काकांनी उरलेल्या दातांतला सगळ्यात कमी झिजलेला निवडून त्यावरून बाकीचे आखलेत. चाक ओतून येईल तेव्हा येईल. जुनं चाक पडवीत खुंटीला टांगायचं ठरलंय, तुटक्या दातासकट. मामींना हे सांगितलं. त्यांनी मान हलवली. संध्याकाळी त्या एकट्या बसल्या होत्या तेव्हा मी फोनवर ओवायचा व्हिडिओ लावून त्यांच्या कानापाशी धरला. काय आहे ते थोडक्यात सांगितलं: बर्फ, मोठं चाक, मागून ढकलणारी इंजिनं. बर्फ त्यांनी कधी पाहिलेला नाही, आणि स्क्रीनवरचं त्यांना दिसतही नव्हतं. त्या नुसत्या ऐकत होत्या, तोंडातली सुपारी थांबवून.

"हलकं चाललंय," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "आता जड घातलंय." मी बघितलं तर बर्फ खरंच चाकाच्या वरच्या कडेपर्यंत आला होता. मी काही बोललो नाही. फोन तसाच धरून ठेवला.

"आता थांबतील," मामी म्हणाल्या.

व्हिडिओत बर्फाची कमान अजून तशीच उडत होती. मग शिट्टी झाली.